सोयाबीनची वाढ आकड्यांतून कशी वाचायची: हवामान, मॉडेल आणि सॅटेलाईट फोटो, सगळं फुकटात

पीक बरं दिसतंय की नाही हे बांधावरून सगळ्यांनाच कळतं, पण ते आत्ता जेवढं असायला हवं तेवढं आहे का हे बांधावरून कळत नाही, कारण "असायला हवं" म्हणजे किती हेच आपल्याकडे लिहिलेलं नसतं. या लेखात तेवढंच करायचंय. हवामानाच्या आकड्यांवरून पीक कुठवर आलं असेल याचा अंदाज काढायचा, मग फोटोतून ते खरंच कुठवर आलंय ते बघायचं, आणि दोन्हीत फरक पडला की त्या ठिकाणी चालत जायचं. कामाची गोष्ट तो फरकच आहे. नुसता सॅटेलाईटचा हिरवा-लाल नकाशा बघून काही कळत नाही, आणि नुसता पावसाचा आकडा बघूनही नाही.

उदाहरण मी सोयाबीनचं घेतोय, लातूर-धाराशिव भागातलं, कारण आमच्याकडे खरिपात तेच असतं. तूर, कापूस, मका असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच.

आधी वही, मग कॉम्प्युटर

पेरणीची तारीख, वाण, ओळीतलं अंतर, उगवण कधी झाली, निम्म्या झाडांना पहिलं फूल कधी दिसलं, पहिली शेंग कधी, पानं पिवळी पडायला कधी लागली, कोळपणी-फवारणी कधी. बस, एवढंच लिहायचं, पण प्लॉटप्रमाणे वेगळं लिहायचं. "यंदा जूनच्या शेवटी पेरलं" असं आठवणीतून सांगून पुढचं एकही गणित जमत नाही, कारण चार दिवस इकडे तिकडे झाले की सगळी रेषा सरकते.

दुसरी गोष्ट पर्जन्यमापक. हा विकतचा असला तर उत्तम, नसला तर सरळ उभ्या भिंतीचा आणि सपाट बुडाचा कुठलाही डबा चालतो, तोंड मोठं की लहान याने फरक पडत नाही, आत साचलेलं पाणी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजलं की तोच पाऊस. १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी, एकरावर साधारण ४,००० लिटर. रोज सकाळी साडेआठला वाचायचा, हवामान खातं पण तेव्हाच वाचतं त्यामुळे पुढे तुलना सोपी जाते. झाडाखाली किंवा पत्र्याच्या कडेला ठेवू नका.

पाऊस स्वतःच मोजा असं मी इतकं का म्हणतोय, तर आपल्याकडचा पाऊस अर्ध्या शिवारात पडतो आणि अर्ध्यात नाही. कृषी विभागाच्या महारेनवर मंडळनिहाय पाऊस मिळतो, महावेधची स्वयंचलित केंद्रं पण मंडळाला एक अशी बसवलेली आहेत, आणि ते आकडे चांगले आहेत, पण एका मंडळात कितीतरी गावं येतात. केंद्रावर ४० मिमी आणि तुमच्या रानात ८, असं होतं.

तापमान आणि ऊन कुठून घ्यायचं

हे मात्र स्वतः मोजायची गरज नाही, कारण तापमान पावसासारखं बांधागणिक बदलत नाही. नासाचं पॉवर नावाचं पोर्टल आहे, तिथे नकाशावर तुमच्या शेताचा पॉइंट टाकायचा, रोजचा डेटा निवडायचा, तारखा टाकायच्या आणि कमाल तापमान, किमान तापमान, सूर्यप्रकाश, आर्द्रता, वारा यावर टिक करून फाईल उतरवून घ्यायची, एक्सेलमध्ये उघडते. पैसे लागत नाहीत. तापमानाचा डेटा १९८१ पासूनचा आहे. पाऊस पण मिळतो, पण तो हंगामाच्या हिशोबाला घेऊ नका, कारण त्याची एकेक चौकट जवळपास ५०-६० किलोमीटरची असते आणि एवढ्या मोठ्या चौकटीत तुमच्या गावातला ढगफुटीसारखा पाऊस पसरून पातळ होतो. पाऊस आपल्या डब्याचा, बाकी सगळं पोर्टलचं.

उष्णतेचं वय

पीक कॅलेंडर बघून वाढत नाही, मिळालेल्या उष्णतेवर वाढतं. म्हणून रोजचं कमाल आणि किमान तापमान मिळवून दोनाने भागायचं आणि त्यातून एक पायाभूत तापमान वजा करायचं, ज्याच्या खाली पीक वाढतच नाही असं धरतात. सोयाबीनला बहुतेक ठिकाणी १० अंश घेतात. समजा कमाल ३०, किमान २२, तर सरासरी २६, वजा १० म्हणजे त्या दिवशी १६ अंश-दिवस मिळाले. हे पेरणीपासून रोज बेरीज करत जायचं. इंग्रजी नावावरून याला सगळे जीडीडी म्हणतात, मी पण तेच म्हणतो. कमाल ३० च्या वर गेलं तर ३० च धरायचं, कारण त्यावर गरम झाल्याने वाढीचा वेग काही वाढत नाही.

आपल्या खरिपात दिवसाला साधारण १५ ते १७ जीडीडी मिळतात, म्हणजे ४० दिवसांत साडेसहाशेच्या आसपास. आता तुमच्या वाणाला फूल किती जीडीडीला लागलं हे वहीतल्या तारखेवरून काढून ठेवा, आणि दोन-तीन हंगाम झाले की तुमच्याकडे स्वतःचा आकडा असेल. तो कुठल्याही पुस्तकातल्या आकड्यापेक्षा भारी, कारण तो तुमच्या वाणाचा आणि तुमच्या रानाचा आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायलाच लागते. सोयाबीन दिवसाच्या लांबीलाही मानतं, दिवस लहान व्हायला लागले की ते फुलाकडे वळतं. त्यामुळे जुलैच्या मध्यावर पेरलेलं सोयाबीन जूनमध्ये पेरलेल्यापेक्षा कमी जीडीडीवरच फुलतं, झाड लहान असतानाच. म्हणून उशिरा पेरलेल्या प्लॉटची तुलना लवकर पेरलेल्याशी करून "याची वाढ खुंटली" म्हणायचं नाही, त्याला वाढायला वेळच कमी मिळाला.

जमिनीतल्या पाण्याचा हिशोब

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून सावकाश सांगतो. जमीन म्हणजे हौद धरा. मध्यम काळ्या जमिनीत मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असं पाणी साधारण १५० मिमी मावतं. मुळं ६० सेंटीमीटर गेली असतील तर हौद ९० मिमीचा. पण पीक तो तळापर्यंत आरामात पीत नाही, सोयाबीनला साधारण निम्मा हौद संपला की ताण सुरू होतो असं एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) १९९८ च्या मार्गदर्शिकेत धरलंय, म्हणजे ९० पैकी ४५ मिमी बिनत्रासाचं. हलकी मुरमाड जमीन असेल आणि मुळं ३० सेंटीमीटरवरच अडकली असतील तर अख्खा हौदच ३० मिमीच्या आसपास, बिनत्रासाचं पाणी १५.

आता खर्च. रोजचं बाष्पीभवन काढायला हारग्रीव्ह्जचं सूत्र वापरा, त्याला फक्त तापमान लागतं: ०.००२३ × (सरासरी तापमान + १७.८) × (कमाल आणि किमान यातल्या फरकाचं वर्गमूळ) × वातावरणाच्या वर पोचणारं ऊन. हे शेवटचं म्हणजे तारखेप्रमाणे आणि अक्षांशाप्रमाणे ठरलेला आकडा असतो, तक्त्यात मिळतो, आपल्याकडे ऑगस्टमध्ये तो पंधरा-सोळा मिमीच्या घरात असतो. झडीच्या दिवसांत कमाल २८ आणि किमान साडेएकवीस असेल तर उत्तर ४ मिमीच्या जवळ येतं, उघडीप असून कमाल ३२, किमान २२ असेल तर ५ च्या थोडं वर.

याला पिकाच्या गुणांकाने गुणायचं. सोयाबीनला सुरुवातीला ०.४, पानांनी ओळी झाकल्या की १.१५, काढणीच्या वेळी ०.५. शंभर दिवसांच्या वाणाला मी पहिले वीस दिवस ०.४ धरतो, पुढच्या वीस दिवसांत हळूहळू १.१५ पर्यंत चढवतो, मग चाळीस दिवस तिथेच, आणि शेवटचे वीस दिवस उतरवत नेतो. म्हणजे फुलोऱ्यात उघडीप पडली की पीक दिवसाला जवळपास ६ मिमी पिणार.

एक्सेलमध्ये रोजची एक ओळ करा: कालचं हौदातलं पाणी, अधिक पाऊस, वजा पिकाचा खर्च. उत्तर हौदापेक्षा जास्त आलं तर हौदाएवढंच लिहायचं, बाकीचं वाहून गेलं किंवा खाली झिरपलं. दोन तासांत ६० मिमी कोसळला तर तो सगळा मुरला असं धरू नका, उताराच्या रानात त्यातला बराच ओढ्याला जातो, बीबीएफवर (रुंद वरंबा-सरी) पेरलं असेल तर जास्त मुरतो. आणि हौदात निम्म्यापेक्षा कमी उरलं की खर्चही कमी करत न्यायचा, कारण पीक तेव्हा पानं मिटून घेतं, आधीइतकं पीत नाही.

आता वरचे आकडे एकत्र ठेवून बघा. मध्यम जमीन, हौद भरलेला, उघडीप सुरू. ४५ भागिले ६, म्हणजे सात-साडेसात दिवसांत ताण. त्याच दिवशी शेजारच्या मुरमाड रानात १५ भागिले ६, अडीच दिवस. गावात सगळे "आठ दिवस काय होत नाही" म्हणतात ना, ते भारी जमिनीवाल्याचं खरं असतं, मुरमाडवाल्याचं पीक तोवर पाच दिवस ताणात गेलेलं असतं. तुषारचं पाणी आधी कुठल्या तुकड्याला फिरवायचं याचं उत्तर या एका ओळीत आहे, आणि माझ्या मते फक्त यासाठी जरी ही शीट ठेवली तरी तिचे कष्ट वसूल होतात.

मोबाईलचा फोटो

प्रत्येक प्लॉटमध्ये तीन-चार जागा ठरवा, खुंटी ठोकून ठेवा, आणि दर आठवड्याला त्याच जागी मोबाईल छातीच्या उंचीवर धरून सरळ खाली फोटो काढा. तिरपा नको. सकाळी लवकर किंवा ढगाळ वेळी काढा, कडक उन्हात सावल्या काळ्याकुट्ट येतात आणि मोजणी बिघडते. कॅनोपियो नावाचं अॅप आहे, ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीने काढलेलं, ते फोटोतला हिरवा भाग किती टक्के ते सांगतं. २२ टक्के, ३८, ६१, असा आकडा मिळत जातो आणि ओळी कधी झाकल्या ते नेमकं कळतं.

अॅपला गवत आणि सोयाबीन यातला फरक कळत नाही, तणाने भरलेलं रान पण ८० टक्के हिरवंच. म्हणून फोटो कोळपणीनंतर काढा, किंवा त्या चौकटीतलं तण आधी उपटा.

सॅटेलाईट: एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा

युरोपचे सेंटिनल-२ उपग्रह आपल्या शेतावरून दर ५ दिवसांनी जातात, सकाळी साडेदहाच्या आसपास, आणि त्यांचा एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा असतो, म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे आपला एक गुंठाच जवळपास. एकरभर रानाचे चाळीस पिक्सेल. आपल्याकडच्या माणसाला नकाशा वाचायला याहून सोयीचं माप नाही.

कोपर्निकस ब्राउझर या वेबसाइटवर (या उपग्रहांचे फोटो तिथे मिळतात) मोफत खातं काढा, तुमचं शेत शोधा, सेंटिनल-२ मध्ये एल-टू-ए निवडा (यात हवेतल्या धुरक्याचा परिणाम आधीच काढलेला असतो), एनडीव्हीआयचा थर लावा आणि प्लॉटभोवती रेषा मारा. रेषा बांधावरून मारू नका, बांधापासून दहा-पंधरा मीटर आत मारा, कारण बांधावरचा लिंब, बाभूळ, शेजाऱ्याचा ऊस हे सगळं कडेच्या पिक्सेलमध्ये मिसळतं. तीस मीटरपेक्षा अरुंद पट्टी असेल तर आत काही उरतच नाही, तिथे मोबाईलच्या फोटोवरच भिस्त ठेवा. रेषा मारली की त्या तुकड्याचा काळानुसार आलेखही तिथेच काढता येतो.

एनडीव्हीआय म्हणजे काय ते थोडक्यात. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. उघडी काळी जमीन ०.१ ते ०.२ दाखवते, पीक वाढेल तसा आकडा चढतो, ओळी पूर्ण झाकल्या की ०.८ च्या वर जातो. मात्र एकदा ०.८ च्या वर गेलं की तो तिथेच अडकतो, पानांवर पानं वाढली तरी आकडा फार हलत नाही. तेव्हा रेड-एज पट्ट्याचा (लाल आणि अवरक्त यांच्या मधला प्रकाश) एनडीआरई हा तसाच आकडा बघा, त्याला दाट पिकातला फरक जरा जास्त कळतो, फक्त तो पट्टा २० मीटरचा असतो.

ढग ही मोठी अडचण आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर जुलैमध्ये उत्साहाने बघायला जाल आणि सगळं पांढरं दिसेल. आलेखात ०.७५ वरून एकदम ०.२ आणि पाच दिवसांनी परत ०.७८ असं दिसलं तर तो ढग किंवा ढगाची सावली होती, पिकाला काही झालेलं नाही. असे बिंदू काढून टाका, आणि प्रत्येक शंकास्पद तारखेचा साधा रंगीत फोटो डोळ्याने बघा. ढगातून आरपार बघायचं असेल तर सेंटिनल-१ चं रडार आहे, पण त्याचा आकडा ओल्या जमिनीनेही बदलतो, म्हणून सुरुवातीला त्याच्या मागे लागू नका. ड्रोनचीही सध्या गरज नाही.

आता महत्त्वाची युक्ती. आलेखाच्या आडव्या रेषेवर तारीख टाकू नका, जीडीडी टाका. तारखेवर टाकलं की २० जूनचा आणि ५ जुलैचा प्लॉट कायम वेगळे दिसणार. जीडीडीवर टाकलं की दोघं एकाच वयाला येतात, आणि तरीही एक मागे असेल तर त्याला खरंच काहीतरी झालंय.

मॉडेल कुठलं

वरचा हौदाचा हिशोब हेच एक छोटं मॉडेल आहे. त्यापुढे जायचं तर एफएओचं अॅक्वाक्रॉप घ्या, फुकट आहे, आणि आपल्याला सोयीचं अशासाठी की ते पिकाची वाढ झाकलेल्या जमिनीच्या टक्क्यात मांडतं, म्हणजे मोबाईलच्या फोटोतला आकडा त्याच्या रेषेवर थेट ठेवता येतो. त्यात सोयाबीनची तयार फाईल येते ती हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या १९९६ च्या खरिपावर बसवलेली आहे, आपल्या हवेपासून फार लांबची नाही. हवामान, माती, पेरणीची तारीख, झाडांची संख्या टाकली की चालतं. एक सावधगिरी: अॅक्वाक्रॉप सोयाबीनचं पायाभूत तापमान ५ अंश धरतं, त्यामुळे त्याचे जीडीडी आणि आपल्या शीटमधले १० अंशावरचे जीडीडी एकमेकांत मिसळू नका.

डीएसएसएटी पण आहे, संशोधक जास्त तेच वापरतात, पण त्याला वाणाचे आनुवंशिक गुणांक लागतात आणि ते बसवायला बऱ्याच प्लॉटची नीट मोजमापं लागतात. विद्यापीठात शिकत असाल तर जरूर शिका, शेतावरच्या निर्णयाला अॅक्वाक्रॉप पुरतं.

जुन्या वर्षावर हात बसवा

हंगामाची वाट बघू नका, २०२३ चा ऑगस्ट घ्या. देशभरात १९०१ पासूनचा तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस, आणि मराठवाड्यात बऱ्याच मंडळांत तीन आठवड्यांहून मोठी उघडीप होती. पाऊस उशिरा आल्यामुळे पेरण्या पण जुलैत गेल्या होत्या, म्हणजे उघडीप नेमकी फुलोरा आणि शेंगा लागायच्या वेळेला आली. तुमच्या मंडळाचा त्या वर्षीचा पाऊस घ्या, नासाचं तापमान घ्या, हौद चालवा. मध्यम जमिनीत आठवड्यात ताण सुरू आणि पुढे दोन आठवडे पीक तसंच उभं, हे आकड्यात दिसेल. मग कोपर्निकसवर त्याच प्लॉटचा आलेख काढा, आभाळ मोकळं असल्याने त्या महिन्यात नेहमीपेक्षा स्वच्छ फोटो जास्त सापडतील. एनडीव्हीआयची चढण कुठल्या तारखेला थांबली ते बघा, आणि ती तारीख हौद निम्म्यावर आल्याच्या तारखेशी जुळते का ते बघा. नाही जुळली तर तुम्ही धरलेली हौदाची खोली चुकीची आहे, ती कमी-जास्त करून परत चालवा. जमिनीची खरी खोली काढायची ही चांगली रीत आहे, खड्डा न खणता. तरी एक खड्डा खणाच.

त्याच हंगामात पिवळा मोझॅकही खूप आला होता, त्यामुळे काही प्लॉटमध्ये सप्टेंबरला पाऊस परत आला, हौद भरला, तरी एनडीव्हीआय चढला नाही असं दिसेल. तिथे पाण्यापलीकडचं कारण शोधायचं.

फरक दिसला की

मॉडेलची रेषा वर, फोटो-सॅटेलाईटची खाली, आणि हौद रिकामा: हा पाण्याचा ताण. पाणी असेल तर द्या, आधी हलक्या तुकड्याला.

हौद भरलेला तरी रेषा खाली असेल तर रानात जाऊन बघायलाच लागतं. अगदी सुरुवातीपासून खाली असेल तर उगवण कमी, एक मीटर ओळीतली झाडं मोजा. सखल कोपऱ्यातलेच पिक्सेल मागे असतील तर पाणी साचलंय, चर काढा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाहीये. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे विखुरलेले असतील तर मोझॅक, अशी झाडं उपटा आणि पांढरी माशी बघा. झाडं मधेच सुकत असतील तर खोड उभं चिरून बघा, खोडमाशी किंवा चक्रीभुंग्याची अळी आत सापडेल. यातलं एकही सॅटेलाईट सांगत नाही, तो फक्त कुठल्या गुंठ्यात जायचं ते सांगतो, आणि दहा एकरात तेवढं कळणं फार मोठं आहे.

आणि सॅटेलाईटला रेषा वर, मॉडेल खाली असं दिसलं तर आनंद मानायच्या आधी तण बघा.

एनडीव्हीआयवरून एकरी उतारा सांगणाऱ्यांवर लगेच विश्वास ठेवू नका. त्याला पानं दिसतात, शेंगा दिसत नाहीत. रान काळंभोर माजलंय आणि फुलं गळून गेलीत असं होतं, आणि ऑक्टोबरच्या पावसात उभ्या शेंगांना कोंब फुटले तर ते पण त्याला कळत नाही. उताऱ्यासाठी मळणीच्या वेळी प्लॉटप्रमाणे कट्टे वेगळे मोजून वजन वहीत लिहा, तो आकडा त्या प्लॉटच्या आलेखाच्या शेजारी ठेवला की पुढच्या वर्षी तुलनेला काहीतरी असतं.

काढणी झाली की शीट बंद करू नका. त्या दिवशी हौदात जेवढं पाणी उरलंय तोच आकडा हरभऱ्याच्या शीटची पहिली ओळ म्हणून टाका, पेरणीपर्यंत पडेल तो पाऊस त्यात मिळवत जा, आणि त्यावरूनच ठरवा की कुठल्या तुकड्यात हरभरा नुसत्या ओलीवर येईल आणि कुठे पेरून लगेच पाणी द्यायला लागेल.